चौदा ओळींचा नवरदेव

अंधेरीच्या एका कॉलेजात नंदकिशोर धुरी नावाचा माणूस गेली वीसेक वर्षं इंग्रजी प्रेमकविता शिकवतो. वय सत्तेचाळीस, लग्न झालेलं नाही. आता प्रेमकविता शिकवायला लग्न झालेलं असावं लागतं असा काही विद्यापीठाचा नियम नाही. उलट लग्न झालेल्यांना तो विषय द्यावा की नाही, याचाच विचार विद्यापीठाने करायला हवा.

लग्न राहून गेलं त्याला कारणं होती, आणि ती सगळी खरी होती. वडील गिरणीत, गिरणी बंद पडली तसे परळहून कांदिवलीच्या दोन खोल्यांत आले आणि तिथे फार दिवस टिकले नाहीत. मग आई अंथरुणाला खिळली. तिचं औषधपाणी, तिला उठवणं-बसवणं, हे सगळं नंदकिशोरने एकट्याने केलं, आणि याबाबतीत त्याला नाव ठेवायची कुणाची छाती नाही. आई गेली तेव्हा त्याने डोळे पुसून आजूबाजूला पाहिलं, तर बरोबरीच्या मित्रांची मुलं दहावीला बसलेली. घरात आता तो आणि त्याची विधवा प्रेमा आत्या, दोघंच. आत्या मालवणहून आली ती मालवण बरोबर घेऊनच आली. चाळीस वर्षं मुंबईत काढूनही तिच्या बोलण्याला मुंबईचं वारं लागलेलं नाही.

कॉलेजात मात्र धुरी सरांचा दबदबा होता, तो एका व्याख्यानामुळे. विषय असा, की काळाच्या चालीरीती इंग्रजी प्रेमकविता कशी घडवतात. दरवर्षी तेच व्याख्यान, त्याच जागी तेच विनोद. पण व्याख्यान चांगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

तो सांगायचा, कविता आभाळातून पडत नाही. फार जुन्या काळी कवी कुणातरी सरदाराच्या पदरी असायचा. सरदाराच्या बायकोचं कौतुक केलं की बायको खूश, सरदार खूश आणि कवीच्या भाकरीची सोय. "सोसायटीत चेअरमनच्या मिसेसच्या मोदकांची तारीफ करतात ना, पार्किंग मिळावं म्हणून? तेच," असं तो म्हणायचा, आणि पोरं हसायची. ती बाई मिळणार नाही हे आधीच ठरलेलं, म्हणून तर कौतुकाला कुणाची हरकत नसायची. उंचावर बसलेली, निर्दय, अजिबात न बोलणारी नायिका आणि तिच्या पायाशी उसासे टाकणारा कवी, ही जोडी तिथून आली.

पुढे मुलींची लग्नं बाप लोक जमिनीकडे बघून ठरवू लागले. ज्याच्याकडे जमीन त्याला मुलगी, ज्याच्याकडे नाही त्याला यमक. बऱ्या घरच्या पुरुषाने कविता छापणं हलकेपणाचं, म्हणून ती हाताने उतरवून मित्रांत फिरवायची. म्हणजे कविता बाईला उद्देशून आणि वाचणारे सगळे बाप्ये. मग आले ते घाईवाले कवी. आयुष्य थोडं आहे, साथीत माणसं मरताहेत, तेव्हा लवकर हो म्हण. हो म्हटल्यावर पुढे काय व्हायचं ते एकट्या बाईचं व्हायचं, त्यामुळे कवीला घाई परवडत होती. त्यानंतर दिवाणखान्यांचा काळ. कुणी मोठी बाई शेजारी बसल्याशिवाय मुलीशी बोलायचं नाही, मिळकत पुरेशी झाल्याशिवाय मागणी घालायची नाही. म्हणून फुलं, पत्रं आणि भरपूर विरह. रीती सैल झाल्या तसं यमकही सैल झालं, आणि आता कवी सरळ विचारतो, चहा घेणार का. जिथे तोंडाने विचारायची सोय नव्हती तिथे कविता झाली, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि तो परीक्षेत दहा मार्कांना हमखास यायचा.

एका वर्षी कल्पिता नावाच्या मुलीने मधेच हात वर केला. "सर, या बायका परत काय लिहायच्या?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना एवढं सगळं पाठवलं, तर त्यांचा काही रिप्लाय?"

"त्या परंपरेत नायिकेने उत्तर द्यायचं नसतं," नंदकिशोर म्हणाला. "तिचं मौन हाच कवितेचा प्राण आहे. आणि हे विचारत नाहीत परीक्षेत." कल्पिताने वही मिटली.

आता एवढं सगळं ज्याला कळतं त्याने स्वतःच्या आयुष्यात काय करावं? दिव्याखाली अंधार असतो हे म्हणायला सोपं आहे, पण इथे तर दिव्यानेच अंधाराची व्यवस्था केली होती.

कॉलेजच्या ऑफिसात नेत्रा भानजी म्हणून एक बाई होती. वय त्रेचाळीस, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. वडील लवकर गेले, आई मंजुळा बाजारात मासळी घेऊन बसायची, धाकटे दोघे भाऊ शिकायचे होते. नेत्राने नोकरी धरली आणि भावांना मार्गी लावता लावता आपलं लग्न बाजूला ठेवलं. थोडक्यात, नंदकिशोरसारखीच गोष्ट, फक्त तिने त्यावर कधी व्याख्यान दिलं नव्हतं. बोलायला सडेतोड. प्राचार्यांना "सर, हे असं होत नाही" असं तोंडावर सांगणारी ती कॉलेजातली एकटीच. नंदकिशोर तिच्या प्रेमात पडला, त्याला आता तीन वर्षं झाली.

प्रेम खरं होतं. तिच्या टेबलाशी जायचं म्हटलं की त्याच्या तळहातांना घाम यायचा, आणि ती रजेवर असली की कॉलेज बंद ठेवायला हवं होतं असं त्याला मनापासून वाटायचं. साध्या माणसाला असं झालं तर तो काय करतो? विचारतो. नाही म्हणाली तर चार दिवस जेवत नाही आणि पाचव्या दिवशी जेवतो. पण नंदकिशोर साधा माणूस नव्हता, इंग्रजीचा प्राध्यापक होता. त्याने चौदा ओळींची कविता लिहिली, इंग्रजीत, चारशे वर्षांपूर्वीच्या थाटात, आणि दर सोमवारी व्हॉट्सॲपवर एक याप्रमाणे पाठवायला लागला.

कवितेतली नायिका अर्थातच निर्दय होती. तिच्या नजरेचे बाण कवीच्या काळजात घुसत. तिचे हात हिमासारखे शुभ्र, काळीज दगडाचं, आणि कवी तिच्या दाराशी झुरून मरायच्या बेतात. नेत्राला इंग्रजी चांगलं येत होतं. तिने पहिली कविता पूर्ण वाचली, आपल्या हातांकडे पाहिलं, आणि ऑफिसात आलेल्या प्रत्येक कागदाला जे उत्तर जातं तेच पाठवलं, "नोटेड".

दुसरा कुणी असता तर एवढ्यात समजला असता. नंदकिशोर हरखला. हा संयम, हा थंडपणा, अगदी परंपरेतला. पुढच्या कवितेला नुसता अंगठा आला. तिसरीला काहीच नाही, फक्त वाचल्याच्या दोन निळ्या खुणा. नायिका उत्तरोत्तर जास्त निर्दय होत चालली होती, आणि प्रकरण योग्य दिशेने जात असल्याची त्याची खात्री पटत गेली.

आणि कविता पाठवण्याआधी ती कुणाला तरी दाखवायला हवी. तीही रीतच. तेव्हा दर सोमवारी सकाळी स्टाफरूममध्ये नंदकिशोर ती अर्थशास्त्राच्या निमेशला वाचून दाखवायचा. निमेश घाटकोपरचा, शेअर बाजारात रमणारा, कवितेतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून तो प्रत्येक कवितेला "झकास" म्हणायचा. हळूहळू आणखी तिघे-चौघे ऐकायला बसू लागले. नायिकेचं नाव नंदकिशोरने कधीच घेतलं नाही, ती सभ्यता त्याने पाळली. पण कविता वाचून झाल्यावर तो ऑफिसच्या दाराकडे ज्या नजरेने बघायचा त्यावरून शिपायालाही कळलं होतं.

"यार धुरी, लिहितोस झकास," निमेश एकदा म्हणाला. "पण ती हो म्हणाली का?"

"हो-नाहीचा इथे प्रश्नच येत नाही."

"मग कशाचा येतो?"

"तुला नाही कळायचं."

"बरोबर आहे," निमेश म्हणाला आणि पेपर वाचू लागला.

नेत्रा गप्प बसली नव्हती, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. एका श्रावणात ती डबा घेऊन आली. सगळं ऑफिस शाकाहारी झालेलं, आणि तिने नंदकिशोरच्या हातात सुक्या जवळ्याच्या चटणीची बाटली ठेवली, म्हणाली, "तुम्ही श्रावण पाळत नाही असं ऐकलंय. आईने केलीय." पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी तिने त्याला जिन्यात गाठलं. "सर, पुनवेला आमच्याकडे या. आत्यांनाही घेऊन या. आई म्हणत होती भेटायचंय त्यांना."

बाई आपल्या घरी बोलावते, एकट्याला नाही तर घरच्या मोठ्या माणसाला घेऊन, आणि तेही आई म्हणते म्हणून. याचा अर्थ वेंगुर्ल्यापासून वर्सोव्यापर्यंत कुठल्याही पोराला कळला असता. नंदकिशोरने त्यावर दोन दिवस विचार केला आणि असं ठरवलं, की नायिकेच्या घरी जाऊन नारळीभात खाणं हे एकंदर कवितेच्या प्रकृतीला मानवणारं नाही. त्याने आजारपणाचं निमित्त सांगितलं आणि त्या सोमवारी दाराशी झुरण्यावर एक सुंदर कविता पाठवली. दार उघडं होतं, ही बारीकशी गोष्ट तेवढी कवितेत आली नाही.

घरी मात्र लपत नव्हतं. पुनव उलटून गेल्यावर ते आमंत्रण त्याने जेवताना सहज सांगितलं, तशी आत्या हातातला घास खाली ठेवून त्याच्याकडे बघतच राहिली.

"आणि तू जावक नाय?"

"बरं वाटत नव्हतं, आत्ये."

"तुका काय झाला होता? माशाची आमटी दोनदा वाढून घेतलस." तिने हात धुतला. "अरे नंदू, त्या चेडवान माका बोलावल्यान, म्हणजे काय ता कळता काय तुका? ती वाट बघता. मी जातंय त्यांच्या घराक. दोन नारळ घेतंय, साखर घेतंय, आणि सरळ विचारतंय, आमच्या नंदूक चेडू देतास काय. नाय म्हणाले तर परत येतंय. माझे काय पाय झिजाचे नाय."

"असं नसतं ते, आत्ये. ती शिकलेली बाई आहे. नारळ घेऊन मागायला ती काय दुकानातली वस्तू आहे?"

हे वाक्य त्याला फार आवडलं. खरोखरच उदात्त वाक्य होतं, आणि त्याच्या आडून त्याला वाटत असलेली भीती कुणाला दिसण्यासारखी नव्हती. कारण आत्या गेली असती तर उत्तर आलं असतं. नकार आला असता तर आजवरच्या सगळ्या कविता बुडाल्या असत्या, आणि होकार आला असता तर मग खरोखरच एका बाईबरोबर राहावं लागलं असतं, जी सोमवारीही बोलणार आणि मंगळवारीही. नंदकिशोरला दोन्हींची धास्ती वाटत होती. त्याने आत्येला शपथ घातली, आणि आत्या पुटपुटत भांडी घासायला गेली.

मग या वर्षीच्या मार्चमध्ये, पेपर तपासायच्या दिवसांत, निमेशने मान वर न करता बातमी सांगितली. "नेत्राला मागणी आलीय. सहदेव म्हणून कुणी आहे, वर्सोव्याचाच. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. बायको वारलेली."

नंदकिशोर उठला तो तडक ऑफिसात. जेवणाची सुट्टी होती, बाकीची मंडळी कँटीनला गेली होती. नेत्रा एकटी डबा उघडत होती. तिने त्याला बघून डबा परत बंद केला.

"मॅडम, ऐकलं ते खरं का?"

"मागणीचं ना? खरं आहे. सहदेवची मोठी बहीण आली होती रविवारी. दारातच उभी राहून आईला म्हणाली, आमच्या भावासाठी तुमच्या नेत्राला मागायला आलेय."

"पण तुम्हाला माझं... मी तीन वर्षं लिहीत होतो."

"लिहीत होतात. मला निर्दय म्हणालात. माझं काळीज दगडाचं म्हणालात. माझे हात बर्फासारखे पांढरे आहेत म्हणालात." तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. सावळे, राकट, उजव्या अंगठ्यावर मासळी कापायच्या कोयतीची जुनी खूण असलेले. "हे माझे हात आहेत, सर. तीन वर्षांत एकदा तरी बघितलेत का?"

नंदकिशोरने बघितले. छान हात होते. त्याला पहिल्यांदाच त्या हातांबद्दल काहीतरी लिहावंसं वाटलं आणि काय लिहायचं ते सुचेना.

"ती कवितेची रीत आहे," तो म्हणाला. "त्या काळात..."

"आणि ते आधी स्टाफरूममध्ये वाचायचं, तीपण रीत? मी गेले की सगळे गप्प होतात तिथे. निमेश सर तेवढे बिचारे पेपरात तोंड घालतात. मला पहिल्यांदा वाईट वाटलं, मग राग आला, मग म्हटलं असू दे, माणूस चांगला आहे, आईची सेवा केलेली आहे, बोलायला लाजत असेल. म्हणून मी सांगितलं, आत्यांना घेऊन या. आमच्याकडे बाई याच्यापेक्षा जास्त काय सांगणार? पुनवेला आईने नवं लुगडं नेसून संध्याकाळपर्यंत वाट बघितली."

तिचा आवाज चढला नव्हता. नंदकिशोरला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"आता माहीत झालं." नेत्राने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. संध्याकाळी कळवायचंय. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. आत्या नको, नारळ नको, कविता तर नकोच. मराठीत विचारा, एका वाक्यात. मी इथे बसलेय."

अशी संधी माणसाला आयुष्यात किती वेळा मिळते? ज्या कवींवर तो वीस वर्षं बोलत आला होता त्यांच्यातल्या एकालाही मिळाली नव्हती. कुणाच्या नायिकेला नवरा होता, कुणाच्या आड बाप होता, कुणाला पगार पुरत नव्हता. नंदकिशोरच्या आड कुणीही नव्हतं. समोर खुर्चीवर एक बाई बसली होती, आणि विचारा म्हणत होती. त्याने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, चार शब्दांचं, जिभेच्या टोकावर.

"मॅडम, त्याचं असं आहे," तो म्हणाला, "की मागणी घालणं ही मुळात मालमत्तेशी जोडलेली प्रथा आहे."

आणि मग तो बोलायला लागला. स्त्रीला मागणं यात तिला वस्तू मानणं कसं येतं, पाश्चात्त्य परंपरेत या प्रथेला कवितेने कसा शह दिला, न विचारण्यात एक प्रकारचा आदर कसा असतो, आणि तरीही आजच्या काळात आदराची ही भाषा बदलायला हवी हे त्याला कसं मान्य आहे. तो खिडकीपाशी गेला, परत आला, टेबलाच्या कडेवर हात ठेवून त्याने दोन मुद्दे जास्तीचे मांडले. आपण हे काय करतोय ते त्याला आतून कळत होतं. थांब, असं तो स्वतःला सांगतही होता. पण वीस वर्षांची सवय, गाडी उताराला लागली होती आणि ब्रेकवर पाय पोचत नव्हता. वाक्यं एकामागून एक, व्याकरणशुद्ध, येतच राहिली. घंटा झाली तेव्हा तो थांबला.

नेत्राने सगळं ऐकून घेतलं होतं. मधे एकदाही तिने घड्याळाकडे बघितलं नव्हतं.

"छान सांगितलंत, सर," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, ते तिने पुसले नाहीत आणि लपवलेही नाहीत. "म्हणजे नाही विचारणार."

"तसं नाही, मॅडम..."

बाहेर मंडळी कँटीनहून परतल्याचा आवाज आला. तिने डबा पिशवीत ठेवला, न खाताच, आणि कॉम्प्युटर चालू केला.

"मग पुढच्या रविवारी साखरपुडा ठेवतील. आत्यांना घेऊन या. या वेळी तरी या."

नंदकिशोरने मान हलवली. दारापर्यंत गेला आणि तिथून वळला. तीन वर्षांत त्याने नेत्राला पहिल्यांदाच एक सरळ प्रश्न विचारला.

"किती वाजता?"